बेदगेलर्टमधील कुत्र्याची समाधी बनावट असेल, तर गावाच्या इतिहासात खरे काय उरते?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपण मँचेस्टरला राहता. उन्हाळ्यात आई-वडील आणि मुलीसह उत्तर वेल्समधील बेदगेलर्ट या छोट्या गावी गेला होता आणि तेथे ग्लासलिन नदीकाठी गेलर्ट नावाच्या शिकारी कुत्र्याची समाधी पाहिली. राजपुत्र लेवेलिन शिकारीहून परतला, तर पाळणा उलटलेला आणि कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले. त्याने रागाच्या भरात कुत्र्याला ठार केले आणि मग पाळण्याखाली सुखरूप बाळ व शेजारी मेलेला लांडगा दिसला, अशी ती कथा. आपल्या आईंना लगेच ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट आठवली, मुलगी रडली, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी कोणीतरी सांगितले की ही समाधी एका हॉटेलवाल्याने पर्यटकांसाठी उभारली आहे. आता मंडळाच्या दिवाळी अंकासाठी या गावाचा इतिहास लिहायचा आहे. पण समाधीच बनावट असेल, तर बाकीच्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा, असे आपण विचारले आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. गेलर्टची कथा येथे प्रत्यक्ष घडली का, हा पहिला. त्याचे उत्तर ‘नाही’ एवढेच आहे. दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. चारही बाजूंनी डोंगर आणि कसण्याजोगी जमीन जेमतेम, अशा ठिकाणी गाव मुळात झालेच का, आणि ते इतकी शतके टिकले कशावर? याचे उत्तर कुत्र्याच्या कथेवर अवलंबून नाही. उत्तर वेल्समधील गावांची जुनी कागदपत्रे वाचणे आणि ती प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि त्यात मी एक क्रम पाळतो : आधी नद्या व वाटा, नंतर निश्चित काळाची कागदपत्रे, मग इमारती, आणि दंतकथा सर्वांत शेवटी. दंतकथेपासून सुरुवात केली की गावातला प्रत्येक जुना दगड तिचाच पुरावा वाटू लागतो.

बेदगेलर्ट कोल्विन आणि ग्लासलिन या दोन नद्यांच्या संगमावर आहे. येथून तीन दिशांना खोरी जातात : वायव्येला कॅरनार्वनकडे, ईशान्येला नांट ग्विनांटमधून स्नोडन या पर्वताच्या दक्षिण पायथ्याला वळसा घालून, आणि दक्षिणेला आबेरग्लासलिनच्या अरुंद घळीतून समुद्राकडे. या डोंगरांतून पायी किंवा घोड्यावर जाणाऱ्याला हा संगम टाळणे कठीण होते. गाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गावठाण आणि भोवती शिवार असे चित्र येते. वेल्सच्या डोंगराळ भागात तसे नव्हते. लोक विखुरलेल्या शेतघरांत राहत. हिवाळा खालच्या घरात काढायचा आणि उन्हाळ्यात गुरे घेऊन वरच्या कुरणातील घरात, म्हणजे ‘हाफोद’मध्ये जायचे, अशी रीत होती. आज नकाशावर दिसणारी हाफोद ई लान, हाफोद गारेगोग ही नावे त्याच व्यवस्थेची खूण आहेत. त्यामुळे ‘गाव कधी वसले’ असे विचारण्यापेक्षा ‘संगमाजवळ घरे एकत्र कधी आणि कोणाभोवती आली’ असे विचारावे.

ती प्रथम आली एका मठाभोवती. 12व्या-13व्या शतकाच्या संधिकाळात लिहिणाऱ्या जेराल्ड या वेल्श धर्मगुरूने स्नोडनच्या पायथ्याशी राहणाऱ्या, कोणत्याही मोठ्या पंथाच्या नियमांत न बसणाऱ्या साधूंच्या एका समूहाचा उल्लेख केला आहे आणि तो समूह येथलाच मानला जातो. 13व्या शतकात त्या जागी ऑगस्टिनियन पंथाचा मठ उभा राहिला. 1280च्या दशकात, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकून घेतले त्या काळात, मठाचे आगीने मोठे नुकसान झाले. त्याच्या पुनर्बांधणीला मदत मिळावी म्हणून बँगोरचे बिशप आनियान यांनी 1286 मध्ये दिलेले पत्र हा माझ्या मते या गावाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. बार्डसी बेटावरील मठ वगळता हे वेल्समधील सर्वांत जुने धर्मस्थान आहे, असे बिशप त्यात म्हणतात, आणि इंग्लंड, वेल्स व आयर्लंड यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या प्रवाशांना आणि गरिबांना येथे मिळणाऱ्या आतिथ्याचा मुद्दाम उल्लेख करतात. देणगी मागणाऱ्या पत्रात थोडी अतिशयोक्ती असणारच, आणि ‘सर्वांत जुने’ हा दावा मी तेवढ्याच सावधपणे वाचतो. पण आतिथ्याचा उल्लेख वेगळ्या प्रकारचा आहे. ज्या मठात प्रवासी उतरतच नाहीत, त्याच्यासाठी कोणी या मुद्द्यावर पैसे मागणार नाही. वाटसरूंना निवारा आणि अन्न देणे हा या ठिकाणाचा व्यवसाय होता, हे 1286 मध्येच कागदावर आले आहे.

आठव्या हेन्रीच्या काळात, 1530च्या दशकात, हा मठ विसर्जित झाला आणि त्याचे चर्च तेवढे गावाचे चर्च म्हणून राहिले. आपण ते पाहिले नसेल, कारण समाधीकडे जाणारे बहुतेक लोक त्याच्या बाजूने निघून जातात. बाहेरून सेंट मेरीचे हे चर्च साधे आणि बरेचसे 19व्या शतकात दुरुस्त केलेले दिसते. आत गेल्यावर मात्र पूर्वेच्या भिंतीत तीन उंच, अरुंद, टोकदार खिडक्या एकमेकींना लागून उभ्या आहेत आणि उत्तरेच्या बाजूला जुन्या कमानी आहेत. हे काम 13व्या शतकातील आहे. कथेतील लेवेलिन, म्हणजे 1240 मध्ये मरण पावलेला, ग्विनेड या उत्तर वेल्समधील राज्याचा राजा लेवेलिन आप योर्वर्थ, याच्या शतकातील काही या गावात पाहायचे असेल, तर ते नदीकाठच्या कुंपणात नाही, येथे आहे.

गावाच्या नावाविषयी थोडक्यात. 1258च्या एका दस्तऐवजात ते ‘बेकेलर्ट’ असे आले आहे. त्याचा अर्थ केलर्टचे थडगे असा घेतला जातो. हा केलर्ट बहुधा फार पूर्वीचा एखादा संत किंवा स्थानिक पुरुष असावा. कथेला गावाने नाव दिले, गावाला कथेने नव्हे.

मठानंतरच्या अडीचशे वर्षांविषयी लिहिताना एक गोष्ट अवश्य सांगा, कारण आजच्या भूगोलावरून ती लक्षात येत नाही. तेव्हा समुद्र बराच जवळ होता. त्राएथ मौर नावाच्या रुंद खाडीचे भरतीचे पाणी आबेरग्लासलिनच्या पुलापर्यंत चढत असे आणि लहान गलबते तेथवर येत. दक्षिणेकडून येणाऱ्याने एकतर ओहोटीच्या वेळी वाटाड्या घेऊन धोकादायक वाळू ओलांडायची, नाहीतर वळसा घालून या पुलावरून बेदगेलर्टमध्ये यायचे. इंग्लंडच्या बाजारांकडे गुरांचे कळप नेणारे लोकही याच खोऱ्यांतून जात. विल्यम मॅडॉक्स या संसदसदस्याने 1808 ते 1811 या काळात खाडीच्या तोंडावर सुमारे दीड किलोमीटरचा बांध घातला. तो 1812 मध्ये फुटला आणि 1814 पर्यंत पुन्हा दुरुस्त झाला. त्यानंतर खाडीची शेतजमीन झाली, समुद्र मागे हटला, बांधावरून थेट रस्ता मिळाला आणि पुढे पोर्थमाडोग बंदर उभे राहिले. बेदगेलर्टला वळसा घालण्याची सक्ती त्यामुळे संपली. केवळ वाटेवर असण्याच्या जोरावर जगणारे गाव येथून ओसरत जायला हवे होते.

ते ओसरले नाही, कारण तोवर तेथे मुद्दाम येणारे लोक सुरू झाले होते. कवी वर्डस्वर्थ 1791 मध्ये स्नोडनवर रात्रीच्या चढाईला निघाला तो येथूनच, आणि नंतर लिहिलेल्या आत्मचरित्रपर दीर्घकाव्यात त्याने या वस्तीचा उल्लेख ‘झोपड्या’ असा केला. 1793 पासून फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज श्रीमंतांचा युरोपातील प्रवास जवळजवळ बंद पडला आणि डोंगर, धबधबे, भग्न अवशेष पाहण्याची हौस ते वेल्समध्ये भागवू लागले. त्यांना उतरायला चांगली जागा हवी होती. 1802 च्या सुमारास गोट हॉटेल बांधले गेले, आणि त्याचा पहिला चालक डेव्हिड प्रिचर्ड हाच आपल्याला सांगितला गेलेला तो हॉटेलवाला. तो मूळचा दक्षिण वेल्सचा. 1899 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गावाच्या इतिहासात, चर्चच्या कारकुनाच्या आणि आणखी एका गावकऱ्याच्या मदतीने प्रिचर्डने नदीकाठच्या शेतात तो दगड उभा केला, अशी आठवण नोंदवलेली आहे. घटनेनंतर जवळपास शतकाने छापलेली ही माहिती असली, तरी ती गावातूनच आलेली आहे आणि तिच्या विरुद्ध जाणारे काही माझ्या पाहण्यात नाही.

परंतु कथाही प्रिचर्डनेच रचली, असे मात्र लिहू नका. हार्पवादक एडवर्ड जोन्स यांनी 1794 मध्ये छापलेल्या वेल्श संगीतावरील संग्रहात ही कथा येते, आणि ती उत्तर वेल्समध्ये सर्वत्र प्रचलित असल्याचे ते सांगतात. तेथे कुत्र्याचे नाव ‘किलहार्ट’ असे आहे आणि त्याचे थडगे जेथे होते तेथे नंतर गावाचे चर्च बांधले गेले, असे म्हटले आहे. म्हणजे हॉटेल होण्यापूर्वी थडगे चर्चखाली होते आणि हॉटेल झाल्यावर ते फिरायला सोयीच्या अशा नदीकाठच्या हिरव्या कुरणात आले. 1800 मध्ये विल्यम स्पेन्सर याने या विषयावर इंग्रजी काव्य लिहिले आणि कुत्र्याचे ‘गेलर्ट’ हे नाव इंग्लंडभर झाले. कथा, काव्य आणि दगड या तीन वेगळ्या गोष्टी काही वर्षांच्या अंतराने एकत्र आल्या. प्रिचर्डचा वाटा त्यांतील दगडाचा.

आता आपल्या आईंच्या शंकेविषयी, जी अगदी बरोबर आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, ‘अपरीक्षितकारक’ मध्ये, मुंगूस बाळाला सापापासून वाचवते आणि तोंडाला लागलेल्या रक्तामुळे स्वतः मारले जाते. पंचतंत्राचे 6व्या शतकात पहलवी भाषेत आणि 8व्या शतकात अरबीत ‘कलीला व दिमना’ या नावाने भाषांतर झाले, आणि पुढे हिब्रू व लॅटिन भाषांतरांतून या गोष्टी युरोपात गेल्या. त्याच कथेचे दुसरे रूप ‘रोमचे सात ज्ञानी’ या नावाच्या कथामालेतून फिरले. त्यात मुंगसाच्या जागी शिकारी कुत्रा आला, कारण पश्चिम युरोपात घरात मुंगूस कोण पाळणार? साप मात्र राहिला. ही कथामाला 14व्या शतकात वेल्श भाषेतही उतरलेली होती. 13व्या शतकात फ्रान्समध्ये लिऑनजवळचे शेतकरी गिनफॉर नावाच्या अशाच एका कुत्र्याला संत मानून आजारी मुले त्याच्या थडग्यावर आणत, आणि हे पाहून एका धर्मोपदेशकाने ते स्थळ उद्ध्वस्त करवले, अशी त्याचीच नोंद आहे. वेल्समध्ये सापाचा लांडगा झाला. ‘आपल्या कुत्र्याला मारणाऱ्या माणसासारखा मला पस्तावा होतो आहे’ अशी जुनी वेल्श म्हणही आहे, म्हणजे कथा लोकांच्या तोंडी चांगली मुरलेली होती. आपल्या मुलीला सांगायला हरकत नाही की या दगडाखाली कोणी नाही, आणि ज्या गोष्टीने ती रडली ती तिच्या आजीलाही आधीपासून ठाऊक होती.

समाधीजवळच्या पाटीबद्दल एक बारकावा. झाडाखालच्या कुंपणात उभ्या असलेल्या दोन स्लेटच्या शिळांवर, एकीवर वेल्शमध्ये आणि दुसरीवर इंग्रजीत, कथा कोरलेली आहे. तिची सुरुवात 13व्या शतकात लेवेलिनचा बेदगेलर्ट येथे राजवाडा होता, अशी होते. मठाला ग्विनेडच्या राजांचा आश्रय होता आणि ते या भागात येत-जात असणार. पण राजवाड्याचा काही अवशेष गावात दाखवता येत नाही. कुत्र्याबद्दल सगळेच साशंक असतात आणि राजवाड्याचे वाक्य मात्र निमूटपणे खरे धरले जाते. आपल्या लेखात ते येऊ देऊ नका.

19व्या शतकातील बाकीचे बेदगेलर्ट पर्यटनापेक्षा बरेच वेगळे होते आणि प्रवासवर्णनांत ते सहसा दिसत नाही. 1817 पासून येथे मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या धर्मजागृतीची अशी लाट उठली की वेल्श धर्मेतिहासात ती ‘बेदगेलर्टची जागृती’ म्हणूनच ओळखली जाते. आसपासच्या डोंगरांत तांब्याच्या खाणी आणि स्लेटचे दगडखाणकाम चालू होते. गावापासून थोड्याच अंतरावरची सिगन ही तांब्याची खाण 1903 मध्ये बंद पडली आणि 1986 मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा उघडली. खाणीत नेमके किती लोक कोणत्या वर्षी राबत होते, हे प्रत्येक जनगणनेत बदलते. त्यामुळे ‘खाणकामगारांचे गाव’ असे सरसकट म्हणायचे की नाही, हे आपण कोणते दशक निवडता त्यावर अवलंबून आहे.

रेल्वेची हकीकत मला स्वतःला फार आवडते, कारण गावाच्या फसलेल्या योजना इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतात. 20व्या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्थमाडोगहून बेदगेलर्टमार्गे स्नोडनच्या दक्षिणेकडे विजेवर चालणारी अरुंद मापाची रेल्वे नेण्याचे ठरले. विजेच्या गाडीला चढ झेपेल म्हणून मार्ग अतिशय तीव्र चढाचा आखला, काही पूल आणि भराव बांधले, आणि पैसे संपल्यावर काम सोडून दिले. 1923 मध्ये वेल्श हायलँड रेल्वे सुरू झाली ती वाफेच्या इंजिनावर. इंजिनाला तो चढ झेपणारा नव्हता, म्हणून तिने गावाजवळ वळणे घेत वेगळा, सौम्य चढाचा मार्ग पत्करला. आधीचे बांधकाम तसेच राहिले. गोट हॉटेलच्या बाजूला, कोणत्याही रुळाशी न जोडलेला तो पूल आजही उभा आहे. ही रेल्वेही तोट्यातच होती. 1936 मध्ये प्रवासी वाहतूक थांबली आणि दुसऱ्या महायुद्धात रूळ उखडले गेले. पुढे स्वयंसेवकांच्या मोठ्या श्रमांतून मार्ग पुन्हा घातला गेला, 2009 मध्ये गाडी परत बेदगेलर्टला पोहोचली आणि 2011 मध्ये कॅरनार्वन ते पोर्थमाडोग हा सुमारे 40 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. आपण जी गाडी पाहिली ती ही.

1951 पासून गाव स्नोडोनिया, म्हणजेच एरेरी, राष्ट्रीय उद्यानात आहे. आजची करड्या दगडांची एकसंध घरे टिकण्यामागे उद्यानाच्या बांधकामविषयक निर्बंधांचा मोठा हात आहे. त्याची दुसरी बाजूही लिहावी. 2011च्या जनगणनेत आसपासची खोरी धरूनही येथील लोकसंख्या साडेचारशेच्या आसपास होती. नवी घरे फारशी होत नाहीत, असलेल्यांतील बरीच सुट्टीसाठी वापरली जातात, आणि स्थानिक तरुणांना किंमत परवडत नाही. ग्विनेड कौन्सिलने 2023 पासून दुय्यम घरांच्या कौन्सिल टॅक्सवर, म्हणजे घरपट्टीवर, 150 टक्के अधिभार लावला, तो याच कारणाने. पाहुण्यांवर जगणाऱ्या गावात पाहुण्यांसाठीची घरे किती असावीत, यावर गावकऱ्यांचेही एकमत नाही. ज्यांचे दुकान किंवा खानावळ आहे आणि ज्यांची मुले घर शोधत आहेत, त्यांची उत्तरे वेगळी येतात आणि पुष्कळदा ती एकाच कुटुंबातील माणसे असतात.

एवढ्यावरून माझे मत असे बनले आहे की बेदगेलर्टचा सलग धागा वाटसरूंच्या सोयीचा आहे : 1286 मध्ये मठाने केलेली, 1802 नंतर हॉटेलने केलेली. समाधीचा दगड हा 13व्या शतकाचा पुरावा म्हणून निरुपयोगी आहे आणि 19व्या शतकाच्या सुरुवातीचा पुरावा म्हणून उत्तम आहे. पर्यटनाचा व्यवसाय गावाने केव्हा आणि कसा अंगावर घेतला, हे तो सांगतो.

लेखासाठी घरबसल्या तपासता येण्यासारखे बरेच आहे. 1836च्या कायद्यानंतर तयार झालेले टाइथ कराचे, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश कराचे, नकाशे वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. त्यांत प्रत्येक शेताचे मालक आणि कूळ सापडते. 1841 पासूनच्या जनगणनांतील व्यवसायाचा रकाना वाचा, आणि त्याच ग्रंथालयाच्या जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात गावाचे नाव शोधा. तेथे शोधताना स्पेलिंग निरनिराळ्या प्रकारे देऊन पाहावे लागते. एका दिवसात या सगळ्याला हात घालू नका. आधी एकच दशक निवडा.

आणि आपल्या मसुद्यातील ‘हॉटेलमालक प्रिचर्डने पर्यटकांना भुलवण्यासाठी ही दंतकथा रचली’ हे वाक्य बदलून असे करा : ‘1794 पूर्वीपासून प्रचलित असलेल्या या कथेला हॉटेलचालक प्रिचर्डने, गावातल्याच दोघांच्या मदतीने, नदीकाठी दगडाची जागा दिली.’